पडद्याचे दुखणे

जुन्या यंत्रांना घरातल्या माणसांच्या खोडी ठाऊक असतात आणि माणसांना यंत्रांच्या. आमच्या लहानपणी घरी एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. उजव्या कुशीवर दोन चापट्या खाल्ल्याखेरीज तो बोलत नसे. आणि त्या चापट्याही वडिलांच्याच हाताच्या लागत. आईने मारल्या तर तो नुसता खाकरे. घरातला स्टो एका मावशीच्या हातूनच पेटे, आणि भिंतीवरचे घड्याळ किल्ली कोणी दिली यावर पुढे जायचे की मागे राहायचे ते ठरवी. या साऱ्याला काही ना काही कारण असणारच. पण चालत्या यंत्राचे कारण विचारायला सवड कोणाला असते? आणि यंत्र बंद पडले म्हणजे तरी आपण कारण शोधतो असे थोडेच आहे! आपण गुन्हेगार शोधतो. घरात काहीही बिघडो, पहिला प्रश्न “काय झाले?” असा कधीच नसतो. “शेवटचा हात कोणी लावला होता?” असाच असतो.

माझ्या थोरल्या चुलतभावाच्या घरी, ताडकळसला, या प्रश्नाचे उत्तर एका वर्षी पूर्वीच ठरून गेलेले होते. हात दादांनी लावला होता.

ताडकळस हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले गाव. काळी जमीन, कापूस, आणि पावसाळ्यात बूट विसरून जावेत असा चिखल. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पोरांना पाढे आणि शुद्धलेखन शिकवता शिकवता नोकरीच्या अगदी अखेरच्या वर्षांत त्यांच्यावर स्वतःच विद्यार्थी व्हायची पाळी आली. कारण सरकारी नोकरांना एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र हवे असा फतवा निघाला. बरोबरचे मास्तर कुरकुरले. दादा मात्र कोऱ्या वहीला कव्हर घालून परभणीला क्लासला गेले, आणि परत आले ते माउसला ‘मूषक’ म्हणतच. त्याच सुमारास, २००२ साली, मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून त्यांनी घरी संगणक घेतला. सुटे भाग आणून जुळवलेला, विंडोज ९८ चढवलेला, पंधरा इंची काचेचा मॉनिटर. हा मॉनिटर म्हणजे पाठीला पोक आलेला एक वजनदार गृहस्थच होता. त्याला टेबलावर बसवायला दोन माणसे लागली होती.

मुलगा शिकला आणि बंगळूरला गेला. यंत्र राहिले दादांकडे.

सेवानिवृत्त मास्तर संगणकाचे काय करणार, असे तुम्हाला वाटेल. दादा त्यावर आपल्या आईच्या ओव्या उतरून काढीत होते. माझी ही काकू आयुष्यभर जात्यावर गात आली. गिरणी आल्यावर जाते उभे करून ठेवले, पण ओव्या काही तिच्या तोंडातून गेल्या नाहीत. ताडकळसचे नाव ओव्यांच्या जगात अपरिचित नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी पुण्यात बसून, खरे म्हणजे बसून नव्हे तर गावोगाव हिंडून, जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे फार मोठे काम केले. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या एवढा तो पसारा आहे. १९९६ साली त्यांच्याकडची माणसे ताडकळसला आली आणि गावच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित करून नेला. काकू नेमकी त्या दिवसांत लेकीच्या बाळंतपणाला गेलेली! परत आल्यावर तिला ही बातमी कळली तेव्हा ती एवढेच म्हणाली, “गंगूचा गळा चांगला हाय.” पण दादांच्या मनाला ते लागून राहिले असावे. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी दोनशे पानी वह्या घेतल्या आणि काकूजवळ बसून तिच्या ओव्या पेन्सिलीने उतरून घेऊ लागले. पेन्सिलीने का, तर चुकले तर खोडता यावे म्हणून, मास्तरच ते! २००८ साली काकू गेली तेव्हा तीन वह्या भरलेल्या होत्या. त्या संगणकावर नीट टाइप करायच्या, छापून आणायच्या, आणि घरातल्या प्रत्येक लेकीसुनेला एकेक प्रत द्यायची, असा दादांचा बेत होता.

आणि २०११ च्या जून महिन्यापासून संगणक दगा देऊ लागला.

हकीगत अशी. मे महिन्यात चिरंजीव सुटीवर आले होते. परभणीतला एक नेटकॅफे बंद पडत होता, तिथून त्यांनी सतरा इंची मॉनिटर स्वस्तात उचलून आणला. जुना पंधरा इंची माळ्यावर गेला. चिरंजीवांनी नव्या पडद्याला शोभेल अशी सारी मांडणी करून दिली, वडिलांना नमस्कार केला आणि ते बंगळूरला गेले. त्यानंतर यंत्राचे असे होऊ लागले की दादा बसत, दोन ओव्या टाइप करीत, आणि तिसरीच्या मध्येच पडदा गोठे. मूषक हलेना, कळा दाबल्या तरी अक्षर उमटेना. शेवटी बटण दाबून बंद करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. न साठवलेली ओवी अर्थातच गेलेली. कधी निळा पडदा येई आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी फौजदारी भाषेतला मजकूर. गंमत म्हणजे शेजारचा पोरगा येऊन खेळ खेळे तेव्हा तासन् तास काही होत नसे.

“यांचा हात लागला की बंद पडतंय,” असा निकाल वहिनींनी दिला. शेजाऱ्यांनी ‘व्हायरस’ सांगितला. आणखी कोणी विजेवर ठपका ठेवला, आणि तो अगदीच अन्यायाचा नव्हता. त्या वर्षांत भारनियमनाने गावे इतकी गांजली होती, की लाईट असली म्हणजेच लोकांना चुकल्याचुकल्यासारखे होई. त्यातच घटस्थापनेच्या आधी एका वादळी रात्री वीज कडाडली आणि सतरा इंची मॉनिटर कायमचा निवर्तला. पंधरा इंची पुन्हा माळ्यावरून खाली आला. पण त्यावर तर काहीच दिसेना. सुरुवातीची अक्षरे दिसत, विंडोजचे निशाण दिसे, आणि आता काम सुरू व्हायचे अशा क्षणी मॉनिटरच्या पोटात ‘टक्’ असा आवाज होऊन पडदा काळाठिक्कर पडे. खालचा हिरवा दिवा पिवळा होई. आधी निदान दोन ओव्या तरी होत होत्या. आता तेही गेले.

परभणीहून दुरुस्तीचा एक मुलगा आला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वचन त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेले होते. त्याने दोनदा यंत्र चालू करून पाहिले, मान हलवली आणि म्हणाला, “काका, विंडोज गेलंय. फॉरमॅट मारावं लागंल.”

“फॉरमॅट म्हणजे?”

“सगळं पुसायचं. एकदम नवं कोरं होतंय.”

तीसहून अधिक वर्षे दादांनी पोरांना पाट्या पुसायला लावल्या होत्या. पुसणे म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्याने समजावून द्यायला नको होते. टाइप करून झालेल्या तीनशे चाळीस ओव्या त्या डब्यात होत्या. त्यांनी मुलाला चहा पाजला, हातावर दोनशे रुपये ठेवले आणि निरोप दिला. मग मला फोन केला. “दिवाळीला येतोस का? आलास तर बरं होईल,” एवढेच म्हणाले. दादांनी आजवर मला कधी बोलावले नव्हते. मी आपण होऊन जात असे.

मला संगणकातले फार कळते अशातला भाग नाही. पण बँकेत जेव्हा संगणक आले, तेव्हा साहेबांनी ज्यांना पुढे ढकलले त्यांत मी होतो. आणि जुन्या यंत्रांबरोबर पुढची वीस वर्षे काढल्यामुळे त्यांच्या नाडीपरीक्षेचा थोडा हात बसला होता. त्या वर्षीच मी निवृत्त झालो होतो. वेळ होता. रात्रीच्या गाडीने परभणी आणि पुढे जीपने ताडकळस गाठले.

दारात पणत्या, ओसरीत सोयाबीनची पोती, आणि आतल्या खोलीत टॉवेल पांघरून बसलेले ते यंत्र. लाईट आली तशी आम्ही ते चालू केले. निशाण आले, ‘टक्’ झाले, अंधार झाला. दादांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की दवाखान्यात रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरकडे पाहतात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आत तर वाजायलंय की!”

खरेच, वाजत होते. विंडोज सुरू होताना जे चार सुरांचे स्वागत होते, ते अंधाऱ्या पडद्यामागून स्वच्छ ऐकू आले. म्हणजे विंडोज ‘गेलेले’ नव्हते. ते उठले होते, आंघोळ करून कामाला बसले होते. फक्त मॉनिटर त्याच्याकडे पाहायला तयार नव्हता. करंज्या तळता तळता वहिनींनी जे ओळखले, ते परभणीच्या मुलाने ओळखले नव्हते. त्याने स्पीकरची वायर जोडलीच नव्हती.

इथे थोडा खुलासा करायला हवा. काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये चित्र एकदम उमटत नाही. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचे झोत निघतात आणि पडद्याच्या आतल्या बाजूला दिलेल्या लेपावर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखीत वरून खाली येतात. खाली पोहोचले की पुन्हा वर. हे सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा चालते, म्हणून आपल्याला चित्र स्थिर वाटते. पडद्यावर किती ठिपके आणि सेकंदाला किती फेऱ्या, हे संगणक ठरवतो आणि मॉनिटरला तो ठेका धरावा लागतो. ८०० बाय ६०० ठिपके आणि साठ फेऱ्या असा साधा ठेका असला, तर सेकंदाला सुमारे अडतीस हजार ओळी ओढाव्या लागतात. चिरंजीवांनी सतरा इंचीसाठी १०२४ बाय ७६८ ठिपके आणि पंच्याऐंशी फेऱ्या असा ठेका लावून दिला होता. त्याला सेकंदाला जवळजवळ एकोणसत्तर हजार ओळी लागतात. पंधरा इंचीच्या पाठीवरचे लेबल मी बॅटरी धरून वाचले. त्याची झेप चोपन्न हजारांपर्यंत. मध्य लयीत आयुष्य काढलेल्या तबलजीला एकाएकी अतिद्रुत वाजवायला सांगावे, आणि त्याने बोटे मोडून घेण्यापेक्षा तबला खाली ठेवून हात जोडावेत, तसे त्या मॉनिटरने केले होते. तो बिघडलेला नव्हता. स्वतःला जपत होता. आणि सुरुवातीची अक्षरे दिसत ती एवढ्याचसाठी, की तोपर्यंत चिरंजीवांचा ठेका सुरू झालेला नसे.

ठेका बदलायचा म्हणजे पडद्याच्या सेटिंगमध्ये जायला हवे, आणि सेटिंग दिसायला पडदा हवा! कुलपाची किल्ली पेटीतच राहावी असा हा प्रकार. पण यंत्र करणाऱ्यांनी हा प्रसंग ओळखून एक खिडकी ठेवलेली असते. यंत्र सुरू होताच एफ-आठची कळ दाबली तर एक यादी येते आणि तीत ‘सेफ मोड’ असतो. या अवस्थेत विंडोज आपली सारी दागदागिने उतरवून ठेवते. ६४० बाय ४८० ठिपके आणि अवघे सोळा रंग. आयबीएम कंपनीने १९८७ साली ठरवलेले हे व्हीजीएचे माप पुढे इतके सर्वमान्य झाले, की पडदा कुठलाही असो, एवढे त्याला कळतेच. परमुलखात भाषा येत नसली म्हणजे माणूस हाताच्या खुणांनी पाणी मागतो ना, तसे.

कळ दाबली. यादी आली. पडद्यावर लठ्ठ, ओबडधोबड अक्षरे उमटली आणि दादांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मी चित्राच्या भागाची नोंद बदलून तिथे ‘साधा व्हीजीए’ असे लावले, यंत्र नेहमीसारखे सुरू केले, मग बिलाबरोबर जपून ठेवलेली सीडी काढून मूळ ड्रायव्हर पुन्हा बसवला, आणि मॉनिटर कोणता या रकान्यात पंधरा इंची असे नोंदवले. ही शेवटची गोष्ट फार लोक करीत नाहीत. केली म्हणजे विंडोज भलत्या लयी पुढे करीतच नाही. आणि नवी लय लावल्यावर ते जे विचारते, की दिसते आहे का, पंधरा सेकंदांत सांगा नाहीतर मी आपले पूर्ववत करतो, त्याला घाईने ‘हो’ म्हणायचा मोहही होत नाही.

ओव्या जागच्या जागी होत्या. वहिनींनी यंत्रापुढे करंजीची बशी ठेवली. नैवेद्य होता की मला फराळ, हे शेवटपर्यंत कळले नाही.

पण मी सांगितलेच आहे, की दुखणी दोन होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बसले, एक ओवी झाली, दुसरी झाली, आणि पडदा गोठला.

“बघितलं?” वहिनी म्हणाल्या. “मी सांगत नव्हते, यांचा हात!”

मी बसलो. तासभर वेडेवाकडे काहीतरी टाइप केले. यंत्र शहाण्यासारखे चालले. दादा बसले, पंचवीस मिनिटांत गोठले. आता हे जरा चमत्कारिक होते. दादांचा हात काही माझ्याहून जड नाही. बँकेत हिशेब जुळत नसला म्हणजे आम्ही वेळा मांडीत असू. तेच इथे केले. दादांना काम करू दिले आणि मी मागे खुर्चीवर घड्याळ आणि कागद घेऊन बसलो. शेवटची कळ केव्हा दाबली आणि यंत्र केव्हा गोठले, एवढेच टिपायचे. सात बेचाळीस, सात बावन्न. आठ एकोणीस, आठ एकोणतीस. मग लाईट गेली. दुपारी आली तेव्हा पुन्हा: तीन पाच, तीन पंधरा.

दर वेळी दहा मिनिटे. ना एक कमी, ना एक जास्त. खरे दुखणे इतके वक्तशीर कधी नसते. कोणीतरी वेळ लावून दिलेली होती. पडद्याच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन सेव्हर’ उघडला, आणि तिथे ते होते. दहा मिनिटे कोणी हात लावला नाही तर पडद्यावर रंगीबेरंगी नळ आपोआप फुटत, वळत, एकमेकांत गुंतत जायचे, असा तो देखावा. काचेच्या नळीवर एकच चित्र फार वेळ राहिले तर आतल्या लेपावर त्याचा डाग पडे, म्हणून पडदा वाचवण्यासाठी ही युक्ती निघाली. पुढे तिची नुसती हौस उरली. हे नळ लांबी-रुंदी-खोली असे तिन्ही अंगांनी रेखायचे असतात. दादांच्या यंत्रात चित्रासाठी वेगळे कार्ड नव्हते, मुख्य पाटीवरच चित्राची सोय होती, आणि तिला लागणारी स्मृतीही यंत्राच्या मूळ स्मृतीतूनच उसनी घेतलेली. तिचा तो जुना ड्रायव्हर साध्या अक्षरांना पुरे पडे. पण नळाचा पहिला तुकडा काढायची वेळ आली की कोलमडे आणि साऱ्या यंत्राला घेऊन खाली बसे. पडदा वाचवणाराच पडद्याचा गळा दाबीत होता!

नळ बंद केले. शिवाय ‘हार्डवेअर अॅक्सिलरेशन’ नावाची जी एक सरकपट्टी असते, ती दोन घरे मागे ओढली. म्हणजे चित्राचे अवघड काम त्या बिचाऱ्या पाटीवर कमी पडते. जुन्या यंत्रावर हे करायला काहीच हरकत नसते. दिसण्यात काही उणे होत नाही, चाल थोडी मंदावते इतकेच. आणि ओव्या उतरून घ्यायला वेग कशाला हवा?

काम झाले होते. पण माझ्या हातातल्या कागदावर त्या वेळा तशाच होत्या, आणि त्या मला काही स्वस्थ बसू देईनात. यंत्र दहा मिनिटांनी गोठत होते हे कळले. पण दहा मिनिटे दादा काय करीत होते? शेजारचा पोरगा खेळतो, त्याचा हात क्षणभर थांबत नाही, म्हणून त्याला यंत्र चालते. मी वेड्यासारखा टाइप करतो, मलाही चालते. सारी हयात पोरांच्या वह्या तपासण्यात गेलेला मास्तर स्वतःच्या हस्ताक्षरातल्या एका ओळीपाशी दहा मिनिटे थांबतो कसा?

मी पुन्हा त्यांच्या मागे बसलो. या वेळी घड्याळाकडे न पाहता. दादांनी वही उचलली, नाकाशी नेली, ट्यूबलाइटकडे तिरपी धरली, मग दुसऱ्या बाजूने धरली. चष्मा काढला, धोतराला पुसला, घातला. ओठ हलत होते. उजवा हात टेबलावर अगदी हळू गोल गोल फिरत होता. जात्याचा खुंटा धरावा तसा. ओवी म्हणत म्हणत ते अडलेल्या शब्दापर्यंत येत, आणि पायरी चुकल्यासारखे थांबत. पुन्हा पहिल्यापासून.

“दादा, अक्षर लागत नाही का?”

“पेन्सिल पुसट झाली रे.”

मी वही घेतली. पेन्सिल पुसट झालेली नव्हती. वळणदार, मास्तरी अक्षर मला दोन हातांवरून वाचता येत होते. मी काही बोललो नाही; पण दादांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे. वही माझ्या हातून परत घेत ते म्हणाले, “उजव्या डोळ्यानं तर आता धूरच दिसतो. तिला सांगू नको. कापसाचे दिवस आहेत, उगाच धावपळ होईल.”

तर हे असे होते. चार महिने घरादाराने त्यांच्या हाताला बोल लावला, आणि दुखणे होते डोळ्याचे. चिरंजीवांनी पडदा मोठा आणला, पण ठिपके वाढवल्यामुळे अक्षर होते त्याहून बारीक झाले. तरुण डोळ्यांना एका पानावर जास्तीत जास्त मावलेले हवे असते, म्हाताऱ्यांना मावले नाही तरी चालते. मी ८०० बाय ६०० सुद्धा काढून टाकले आणि ६४० बाय ४८० लावले. फेऱ्या मात्र पंच्याहत्तर, म्हणजे पडदा लुकलुकू नये. ही लय पंधरा इंचीला सहज पेलणारी होती. १०२४ वर अक्षर जेवढे दिसले असते, त्याच्या दीडपटीहून अधिक मोठे दिसू लागले. संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला तेव्हा ते हसू लागले, “बाबा, सहाशे चाळीस? कुठल्या काळात आहात!” दादा म्हणाले, “दिसतंय त्या काळात.”

पाडव्याच्या संध्याकाळी लाईट वेळेवर आली. दादा अडलेल्या ओवीपाशी बसले. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. पडदा लख्ख होता. रोजच्या सवयीने वहिनी पदराला हात पुसत डोकावल्या, बंद पडले का पाहायला. बंद पडले नव्हते, आणि दादा ओवी पुटपुटत होते. भाऊ बहिणीला न्यायला गाडी घेऊन येतो, अशी ओवी. त्यातला एक शब्द ते ‘शीतळ’ असा वाचीत होते आणि बैलगाडीत शीतळ काय असेल यावर डोके खाजवीत होते.

“शीतळ नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “शिवळ. जुवाची खुंटी. बैल जोराचा म्हणून शिवळ वाजतीय, असं हाय ते.” आणि उंबऱ्यात उभ्या उभ्याच त्यांनी ती ओवी गळ्यावर म्हणून दाखवली. सारी. पुढच्या दोन वहीत नव्हत्या, त्याही.

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. तीन वह्या भरल्या, तीन वर्षे टायपिंग झाले, पण वहिनींना विचारावे असे त्यांच्या मनात आले नव्हते. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून पहाटे सासूच्या समोर बसून जात्याचा तोच खुंटा ओढीत होत्या. “तू कधी बोलली नाहीस,” दादा म्हणाले. “तुम्ही कुठं विचारलं,” वहिनी म्हणाल्या, “आणि मी आले की पडदा काळा झालेला असायचा.” मी उठून खुर्ची रिकामी केली. डोळ्याची गोष्टही त्याच बैठकीत आपोआप बाहेर पडली. ती काही मी सांगितली नाही. कापूस वेचून झाल्यावर परभणीला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आधी उजव्या आणि मग डाव्या डोळ्याची.

निघण्यापूर्वी मी एक काम केले, ते सांगून ठेवतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर असे यंत्र असेल. मी त्यातली डिस्क काढून केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि ओव्या उतरून घेतल्या. उघडून पाहतो तो सारी रोमन अक्षरांची खिचडी! याचे कारण असे, की त्या काळच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच घरांत मराठीचे आकार बसवलेले असत. आणि कोणता आकार कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीचे निराळे. देवनागरीला स्वतःची घरे देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये ती २००० सालच्या आवृत्तीपासून आली. ९८ मध्ये नव्हती. तेव्हा जुन्या यंत्रातून नुसता मजकूर काढून भागत नाही, त्याचा फॉन्टही बरोबर काढावा लागतो. तो घातला आणि खिचडीची ओवी झाली. पुढे त्या सगळ्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या.

पंधरा इंची मॉनिटर २०१४ च्या उन्हाळ्यात शांतपणे गेला. आता सपाट पडदा आहे, आणि त्यावरची अक्षरे किती मोठी ठेवायची हे वहिनी ठरवतात, कारण टाइप दादा करीत असले तरी सांगणाऱ्या त्या आहेत. २०१७ पासून राईरकर-पॉइटव्हाँ यांच्या संग्रहातल्या ओव्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर येऊ लागल्या. संग्रह करणारी ती दोघे तोवर हयात नव्हती. पॉइटव्हाँ २००४ मध्ये गेले होते आणि हेमाताई २०१० मध्ये. पुढे एकदा ताडकळसला गेलो असताना मी मोबाइलवर गंगूबाई अंबोरे यांचा आवाज लावला. पहिल्या सुरालाच वहिनी म्हणाल्या, “गंगूबाई!” मग थोडे ऐकून म्हणाल्या, “पण ही आमच्या घरी जराशी वेगळी म्हणत असत.” त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. दादांनी तोवर संगणक चालू केला होता आणि रिकाम्या पानावर ‘ओवी क्रमांक ६१२’ असे लिहून ते वाट पाहत बसले होते.